न आलेल्या पिंपांची यादी

वाइमोआनाचा आवाज ज्याने ऐकलेला नाही, असा माणूस आमच्या बेटावर सापडणं कठीण. दर गुरुवारी सकाळी सात वाजता ती रेडिओवर येते आणि बुधवारच्या बोटीने कुणाकुणाची पिंपं आली त्यांची नावं वाचते. घेणाऱ्याचं नाव, गाव, पाठवणाऱ्याचं नाव, नग किती. नमस्कार-चमत्कार काही नाही. पण तेवढा वेळ सगळं वावाऊ बेट श्वास धरून बसतं. चुलीवरचं रताळं करपलं तरी कुणी उठत नाही. आमचे पाद्रीबुवा गुरुवारची प्रार्थना बरोबर सातला पाच मिनिटं कमी असताना आटोपतात आणि वर तो योगायोग आहे असं सांगतात.

बावीस वर्षं ती हे काम करते आहे. त्यातली सोळा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. ‘बसतो’ हा तिचा शब्द; माझ्या मते मी काम करतो. नेआफू बंदराच्या धक्क्यावर मालाची कचेरी आहे, त्यात दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा. वाइमोआना पहिली कारकून, मी दुसरा. दुसरा कारकून म्हणजे ज्याच्यापर्यंत पंख्याचा वारा पोचत नाही तो.

पिंपाचं म्हणाल, तर आमच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी ऑकलंडला नाहीतर सिडनीला आहे. तिकडे त्यांच्या गॅरेजमध्ये एक निळं पिंप उभं असतं. महिनोन् महिने त्यात काहीबाही पडत राहतं. साबण, चादरी, डबाबंद मांस, पोरांचे शाळेचे बूट, एखादी इस्त्री. भरलं की झाकण ठोकून बोटीवर चढवतात. कधी चढवलं ते कळवत नाहीत, आणि आपणही विचारायचं नसतं. हे मात्र पक्कं. ‘पिंप पाठवलंस का’ असं विचारणं म्हणजे हात पसरणं. ज्याने एकदा विचारलं, त्याचा विषय पुढची दहा वर्षं कावा प्यायला बसलेल्या मंडळींत निघतो. म्हणून आम्ही विचारत नाही, गुरुवारी रेडिओ लावतो.

वाइमोआना अंगाने भरलेली, चालीने सावकाश. कमरेला आमच्याकडची मानाची चटई गुंडाळल्याशिवाय ती कचेरीत पाऊल टाकत नाही, शनिवारीसुद्धा नाही. तिच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही. एकदा एका बड्या माणसाचा ड्रायव्हर रांग सोडून पुढे घुसला. तिने मान वर न करता त्याला विचारलं, "तुमच्या साहेबांचं पिंप इतरांपेक्षा लवकर नासतं का?" तो मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. आणि स्वतःच्या घरचं पिंप आलं, तर ते सगळ्यांत शेवटी. उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून हा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

त्या नियमानेच तिचा घात केला. अकरा वर्षांपूर्वी, ऐन नाताळच्या तोंडावर, ऑकलंडहून तिच्या धाकट्या बहिणीचं पिंप आलं. बहिणीचं नाव तोकीलुपे. शेड गच्च भरलेली, रांग चर्चपर्यंत गेलेली. वाइमोआनाने बहिणीचं पिंप शेवटचं म्हणून शेडच्या बाहेर उभं केलं. मग चार दिवस पाऊस असा लागला की धक्का दिसेना. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आत त्यांच्या आईसाठी तोकीलुपेने दोन हिवाळे बसून हाताने शिवलेली गोधडी होती. बाहेर काढली तेव्हा सगळे रंग एकमेकांत उतरले होते आणि कचेरीभर बुरशीचा वास सुटला.

तोकीलुपे फोनवर म्हणाली, "सगळ्या बेटाची पिंपं आत आणि माझं बाहेर?"

वाइमोआना म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

"मग नियमालाच सांग पुढचं पिंप पाठवायला."

झालं. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद पडलं. पुढे आई गेली, तेव्हा तोकीलुपे कागदपत्रांच्या भानगडीत अडकलेली, तिला येता आलं नाही, आणि तेही भांडणात जमा झालं. अकरा वर्षं वाइमोआना दर गुरुवारी बेटभर लोकांची पिंपं वाचत राहिली. त्यात तिचं स्वतःचं एकही नव्हतं. कुणी यावर कधी काही बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी मी जेवून परत आलो. मी जेवायला घरी जातो आणि जेवल्याबरोबर लगेच चालणं प्रकृतीला बरं नसतं, म्हणून जरा उशीर होतो. बघतो तर वाइमोआना कॉम्प्युटरसमोर चर्चमध्ये बसल्यासारखी ताठ बसलेली.

"लिसियाते, हा कागद उघडत का नाही रे?"

मी तिच्या खांद्यावरून वरवर पाहिलं. ईमेल आलेलं होतं. ऑकलंडहून तुमच्या बहिणीने पाठवलेलं पिंप अडकून पडलं आहे, सोबतचा कागद उघडून तपासा, असा मजकूर. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. आमच्या बेटावरच्या निम्म्या बायकांची बहीण ऑकलंडला असते, एवढं चोरालाही ठाऊक असणार. नाव वाइमोआनाने मनातल्या मनात भरून घेतलं होतं.

"परत दाबा," मी म्हणालो.

या सगळ्या प्रकरणात माझी मदत एवढीच. तिने परत दाबलं. चार वेळा दाबलं. कागद काही उघडला नाही, पण त्या दिवसापासून कॉम्प्युटर कण्हायला लागला. एक पत्र उघडायला इतका वेळ लावी की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. मी निदान केलं की त्याला उकडतंय. मग पंखा त्याच्याकडे वळवला. सोळा वर्षांत मला न लागलेला वारा त्या यंत्राला सहा दिवस मिळाला आणि ते तसूभरही सुधारलं नाही.

पुढच्या सोमवारी बेटावरचे फोन वाजू लागले. निरोप सगळ्यांना सारखाच होता. तुमच्या नावाचं पिंप आलं आहे, सोडवणुकीचे चाळीस पांगा या नंबरवर लगेच पाठवा, नाहीतर पिंप परत जाईल. खाली नाव, वाइमोआना, माल कचेरी, नेआफू. आणि पाठवणाऱ्याचं नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं आणि अचूक. कुणाचा मुलगा, कुणाची भाची, कुणाचा मेहुणा. आमच्या कचेरीने असे फोनवर पैसे आजवर कधी मागितले नव्हते, पण तिकडे कुणाचं लक्ष जातंय? पिंप येणार होतं आणि वाइमोआनाची यादी आजवर चुकलेली नव्हती.

मंगळवारी सकाळी पहिल्या आल्या कोलोतिले काकू. काकूंची व्हॅनिलाची बाग आहे, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांच्या तोंडाला लागायला पोलीसही भितात. उसनी पिकअप, दोरखंड आणि पिंप उचलायला शेजारचे दोन गडी असा सरंजाम होता.

"काढ माझं पिंप," काकू म्हणाल्या.

"कुठलं पिंप, काकू? बोट उद्या येतेय," वाइमोआना म्हणाली.

"उद्याची बोट तुला लखलाभ. माझं पिंप कालच आलंय. तूच कळवलंस की. पैसे भरले, गाडी आणली, या दोघांना सकाळपासून खायला घालतेय. आता बोटबीट काही सांगू नकोस मला."

काकूंनी फोन पुढे केला. वाइमोआनाने चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"खाली नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मग काय तुझ्या नावानं भुतानं लिहिलं?"

दुपारपर्यंत धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. काकू सोडल्या तर कुणीही पैसे भरल्याचं कबूल करेना. जो तो म्हणे, सहज आलो होतो. सगळ्यांकडे हातगाड्या होत्या. हातगाडी घेऊन कुणी सहज येत नसतं, पण तसं तोंडावर म्हणायचं कुणी?

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणीतरी सांगेलच. पैसे मीही भरले होते. निरोपात सिडनीच्या माझ्या मावसभावाचं नाव होतं, आणि त्याने मागच्या वर्षी मासे धरायची नवी दोरी पाठवतो म्हणून कबूल केलं होतं. मी कचेरीत बसून, वाइमोआनापासून चार हातांवर, टेबलाखाली फोन धरून पैसे पाठवले. ज्या कचेरीतून निरोप आला असं लिहिलं होतं, त्याच कचेरीत मी बसलो होतो. तिला विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारायचं कसं, अं?

हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या केपुएलीला बोलावलं. बारीक चणीचा मितभाषी माणूस. आल्या आल्या त्याने इंटरनेटची वायर उपटली आणि मग खुर्चीत बसला. तासाभराने म्हणाला, "ईमेलमधून व्हायरस आलाय. सगळी नावं, फोन नंबर, कोण कुणाला पाठवतं, सगळं उचलून नेलंय. सोबतचा कागद कुणी उघडला?"

मी पंख्याकडे बघत राहिलो.

"मी," वाइमोआना म्हणाली.

"किती वेळा?"

"चार."

"चार वेळा कशाला?"

"उघडेना म्हणून," ती म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. मी आयुष्यात फार थोड्या वेळा ओशाळलो आहे, त्यातली ही एक.

केपुएली दोन दिवस यंत्राला चिकटून बसला. सगळं पुसलं, नव्याने घातलं, सगळे पासवर्ड बदलले. जाताना म्हणाला, "यंत्र बरं झालंय. बाहेर गेलेली नावं मात्र परत येत नाहीत. निरोप अजून येत राहतील. लोकांना एकच सांगा. पैसे पाठवायच्या आधी ज्याचं नाव आहे त्याला फोन करा आणि विचारा, पिंप पाठवलंस का? मिनिटाभराचं काम आहे."

मी आणि वाइमोआनाने एकमेकांकडे पाहिलं. केपुएली लहानपणापासून ऑकलंडला वाढलेला, त्याला ते मिनिटाभराचं काम वाटणारच.

पोलीस हवालदारही येऊन गेला. तक्रारींची वही उघडून तासभर धक्क्यावर बसला. तो नंबर बंद करायचा तर तक्रार हवी, तक्रारीला फसलेला माणूस हवा, आणि आमच्या बेटावर एकही माणूस फसलेला नव्हता. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कशाला फसतेय? माझं पिंप हिने दडवलंय." हवालदार वही मिटून जेवायला गेला.

गुरुवारी वाइमोआनाने रेडिओवर यादी वाचली आणि त्याच कोरड्या आवाजात पुढे वाचलं, "पैशांचे निरोप कचेरीचे नाहीत. पैसे भरण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे."

याचा परिणाम उलटाच झाला. कोलोतिले काकू भर बाजारात, टॅरोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, ढिगाऱ्यामागे उभ्या राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होत्या, "विचारा म्हणे. मी माझ्या लेकीला फोन करून विचारू, पाठवलंस का म्हणून? मरेन पण विचारणार नाही. लोकांना शहाणपण शिकवतेय, हिने स्वतः कधी कुणाला विचारलंय का?"

संध्याकाळपर्यंत ते वाइमोआनाच्या कानावर आलं. निरोप येतच होते, लोक पैसे भरतच होते, आणि बाहेर कुजबुज सुरू होती की वाइमोआना पिंपं कुठेतरी लपवते. शुक्रवारी राजधानीहून मोठ्या साहेबांचा फोन आला. पुढच्या गुरुवारपर्यंत लोकांचं समाधान झालं नाही, तर त्यानंतर यादी दुसऱ्या कुणाकडे तरी देऊ, म्हणाले. वाइमोआनाने फोन ठेवला. घरून आणलेलं लू, ते टॅरोच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, तिने पुढ्यातून बाजूला सारलं. ते मी खाल्लं, पण मन लागलं नाही.

मला तिचं फार वाईट वाटत होतं, हे सरळच सांगतो. लग्न तिने केलं नाही, आई गेली, बहीण तुटली. गुरुवारचा तो थोडा वेळ, जेव्हा सगळं बेट तिचं ऐकतं आणि तिच्या शब्दावर हातगाडी घेऊन निघतं, तेवढंच तिचं होतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात उभी.

"चल रेडिओवर. तुझा फोन घे."

"माझा कशाला, ताई?"

"माझ्या नंबरवरून ती उचलणार नाही."

"ती कोण?" मी विचारलं. पण मला उत्तराची गरज पडली नाही. रस्ताभर मी तोंड मिटून चाललो, आणि हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

रेडिओची खोली म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेलं कोंदट कपाट. रेडिओवाल्या फेलेतीने माईक तिच्याकडे सरकवला. तिने यादी वाचली. शेवटचं नाव झालं, तसा फेलेती गाणं लावायला लागला. तिने त्याचा हात धरला.

"आता माझं ऐका," ती माईकमध्ये म्हणाली. "तुमची नावं चोराच्या हाती माझ्यामुळे गेली. मला पत्र आलं, तुमच्या बहिणीने पिंप पाठवलंय म्हणून. मी ते उघडलं. एकदा नाही, चारदा. माझ्या बहिणीने अकरा वर्षांत काही पाठवलेलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तरी मला खरं वाटलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. तेव्हाच तिला फोन करून विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मला लाज वाटली. तुम्हाला वाटते तशीच. आता विचारते."

तिने माझ्या फोनवर नंबर दाबला. न बघता दाबला. अकरा वर्षं न लावलेला नंबर तिला तोंडपाठ होता. फोन तिने माईकसमोर धरला.

"हॅलो, कोण?"

"मी वाइमोआना."

पलीकडे काहीच नाही. रेडिओवर अशी शांतता चालत नाही म्हणून फेलेती हातवारे करायला लागला. वाइमोआनाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात खिशात घातले.

"कोण गेलं?" तोकीलुपेने विचारलं.

"कुणी गेलं नाही. एक विचारायचं होतं. तू मला पिंप पाठवलंस का?"

"काय?"

"पिंप. पाठवलंस का?"

"नाही."

"बरं. एवढंच विचारायचं होतं."

"थांब. एवढंच म्हणजे? अकरा वर्षांनी फोन करतेस, पिंप पाठवलंस का विचारतेस, मी नाही म्हणते, आणि वर बरं म्हणतेस?"

"सगळं बेट ऐकतंय, तोकी. मी रेडिओवर आहे."

"ऐकू दे. माझी गोधडी पावसात उभी होती तेव्हाही सगळं बेट बघतच होतं."

मला वाटलं, आता वाइमोआना नियम म्हणजे नियम असं म्हणणार, आणि मी डोळे मिटून घेतले.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "नियम माझा होता, गोधडी आईची होती. मी नियम सांभाळला." मग आवाज थोडा उतरला. "ती टाकून नाही दिली गं आम्ही. मी तीनदा धुतली, आठ दिवस उन्हात घातली. रंग गेले ते गेले. आईने शेवटपर्यंत तीच पांघरली. नवी दिली तर बाजूला टाकायची. गेली तेव्हा तिच्याबरोबर तीच दिली."

पलीकडून काही वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

"मला कुणी सांगितलं नाही," तोकीलुपे म्हणाली.

"मीच सांगायला हवं होतं. फोन करायची लाज वाटत होती."

"मग आज कशी नाही वाटली?"

"चोराने घालवली."

तोकीलुपे हसली. रडता रडताच हसली, पण सगळ्या बेटाने ऐकलं. फेलेतीने गाणं लावायला हात पुढे केला आणि कुठलं बटण दाबायचं तेच त्याला आठवेना.

त्या सकाळी परदेशी फोन लागेनात, इतके फोन एकदम गेले. ऑकलंड-सिडनीतली आमची माणसं घाबरून एकमेकांना विचारत होती, बेटावर झालंय तरी काय, आई फोन करून पिंपाचं विचारतेय. कोलोतिले काकूंनीही लेकीला विचारलं. लेक म्हणाली, पाठवलेलं नाही, पण दोन वर्षं गॅरेजमध्ये अर्धं भरलेलं उभं आहे, तुला काय हवं ते तू कधी सांगत नाहीस, मी काय भरू? काकूंनी तिथल्या तिथे सोळा वस्तू सांगितल्या. मग पिकअप काढून हवालदाराकडे गेल्या आणि वहीत पहिलं नाव लिहिलं. एकदा काकूच फसल्या म्हटल्यावर बाकीच्यांना फसायला हरकत उरली नाही. दुपारपर्यंत वहीची पानं संपली. माझंही नाव त्यात आहे. वाइमोआनाने ते वाचलं.

"माझ्या शेजारी बसून पैसे भरलेस?"

"हो."

"आणि ‘परत दाबा’ म्हणणाराही तूच."

"हो, ताई."

तिने पंखा वीतभर माझ्याकडे वळवला. पंखा अजूनही तसाच आहे.

तो नंबर बंद झाला. भरलेले पैसे काही आले नाहीत, आणि त्याबद्दल हळहळायलाही लोकांना सवड नव्हती, कारण ते फोनवर बोलत होते. मोठ्या साहेबांनी कळवलं की यादी वाइमोआनाकडेच राहील. लोकांच्या समाधानामुळे, असं ते म्हणाले. मला आतून कळलं की त्यांनी चार जणांना विचारलं होतं आणि चौघांनीही कानावर हात ठेवले होते.

नाताळच्या आधीची बोट आली. त्या गुरुवारी मी घरी रेडिओपाशी बसलो होतो. नावं संपत आली. मग त्याच कोरड्या आवाजात, सगळ्यांच्या शेवटी, "वाइमोआना, नेआफू. पाठवणारी तोकीलुपे, ऑकलंड. नग एक." आणि ती परत म्हणाली, "नग एक." बावीस वर्षांत तिने एखादी गोष्ट दोनदा वाचल्याचं मला आठवत नाही.

धक्क्यावर गेलो तर रांग चर्चपर्यंत. शेड गच्च. पश्चिमेकडून काळंभोर भरून आलेलं. वाइमोआना नेहमीच्या जागी वही घेऊन बसली होती आणि तिच्या बहिणीचं पिंप शेडच्या बाहेर उभं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोलोतिले काकू, नग एक," तिने पुकारलं.

रांगेत पहिल्या असलेल्या काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, त्या पिंपाकडे पाहिलं, आणि दोरखंडाची गुंडाळी खाली ठेवून तिच्यावर बसकण मारली.

"आधी तुझं ने."

"काकू, नियम आहे."

"नियम तुझा आहे, रांग आमची आहे. रांग काही आज पुढे सरकत नाही बघ."

"तुमच्यामागे दीडशे माणसं उभी आहेत."

"विचार त्यांना. विचारायला तर तूच शिकवलंस."

वाइमोआनाने रांगेकडे पाहिलं. कुणीही पुढे येईना. पाद्रीबुवांनी तर हातगाडी उलटी करून ठेवली. तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. मग मी माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यांत जड काम केलं. ते पिंप आडवं पाडलं आणि गडगडत शेडच्या आत नेलं. वाइमोआना उठून माझ्यामागे आली. झाकण घट्ट होतं, वरून दोन वेढे चिकटपट्टी मारलेली होती. तिने पिंपावर हात ठेवला आणि काढला.

"उघडा ना आता," मी म्हणालो.

"आधी विचारायचं," ती म्हणाली आणि तिने फोन लावला. या वेळी तिच्या स्वतःच्या फोनवरून. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"तोकी, तू पिंप पाठवलंस का?"

"पाठवलंय गं बाई, पाठवलंय. कुठे ठेवलंयस ते सांग आधी."

वाइमोआनाने वळून बाहेर पाहिलं. पाऊस आता चांगलाच लागला होता. काकू दोरखंडावर बसून भिजत होत्या, पाद्रीबुवा भिजत होते, चर्चपर्यंतची सगळी रांग भिजत होती, आणि कुणीही आडोशाला जात नव्हतं.

"तुझं आत आहे," ती म्हणाली. "बेट बाहेर आहे."